जाळी आणि जाली

मी लिहायला बसलो आहे, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर अर्जाखेरीज कोणी काही लिहिलेलं नाही. आजोबा भंडाऱ्याकडे धान लावायचे, बाबा भिलाईला येऊन पोलादाच्या प्लांटच्या मशीन शॉपात लागले, आणि मी दुर्गच्या कॉलेजात बी.एससी. करतो. घराचा उंबरा ओलांडला की आमचं सगळं बोलणं हिंदीत होतं, त्यामुळे माझ्या मराठीत काही बरंवाईट शिरलं असेल तर सांभाळून घ्यावं. पण जे झालं ते एका शब्दामुळे झालं, आणि तो शब्द बहुधा आमच्यासारख्याच घरात चुकतो. म्हणून हे धाडस.

मी माइकच्या बॉड्या बनवतो. आतलं यंत्र मला येत नाही. मी फक्त बाहेरचं अंग करतो. नागपूरला रेकॉर्डिंगची खोली चालवणारे एक गृहस्थ गणपतीत आमच्या मंडळाच्या नाटकाला आले होते. मी कानशीने घासून दुरुस्त केलेला माइकचा स्टँड त्यांनी पाहिला आणि मला बाजूला घेतलं. त्यांच्याकडे जुने विलायती माइक होते, आतून धडधाकट, बाहेरून चेपलेले. त्यांना तशीच्या तशी नवी अंगं हवी होती. एक जुना नमुना ते माझ्या हवाली करून गेले. तो इतका जड होता की पहिले काही दिवस मी त्याला दोन्ही हातांनीच उचलायचो.

पितळेचा पाइप सुपेल्याच्या एका लेथवाल्याकडे कातून घ्यायचा. उरलेलं घरी, मागच्या अंगणात. कानस, पॉलिश पेपर, मग नवसागर लावून रांग्याचा, म्हणजे कथलाचा, डाग. लेथवाल्याला सगळे उस्ताद म्हणायचे. त्याचा आवाज मोठा आणि विनोद त्याहून मोठा. भर चौकात मला सायकलवर पाहिलं की ओरडायचा, “अरे कॉलेज! तेरी बॉडी पड़ी है मेरे यहाँ, उठा ले, नहीं तो पुलिस आएगी!” लोक वळून बघायचे. मला घाम फुटायचा. मी तसा भित्राच आहे.

सगळ्यात अवघड काम डोक्यावरच्या जाळीचं. नमुन्याची जाळी दोन पदरी होती, वर जाड, आत बारीक, आणि माथ्यावर ती गोल वळत होती. मला उस्तादने आपल्या भंगारातून पितळी जाळी दिली होती. मी ती लाकडी साच्यावर दाबली की कोपऱ्यात चुणी पडायची. तापवून पाहिली, ओली करून पाहिली, चुणी तशीच. एकदा वैतागून मी तुकडा भिरकावला. बाबांनी तो उचलला, बोटांत फिरवला.

“आमच्या शॉपात दाखवून आणतो. पत्र्याचं काम करणारे आहेत दोघं-तिघं.”

“राहू द्या बाबा.”

“काहून? तुले लाज वाटते का विचाराले?”

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जाताना त्यांनी तो तुकडा शर्टाच्या खिशात टाकला. त्याला डागलेली पितळी कडीही होती. प्लांटच्या आत जाताना गेटवर कोणी खिसे बघत नाही. बघतात ते बाहेर येताना.

त्या दुपारी बाबा आले नाहीत. त्यांच्याच शॉपातले शेजारचे काका आले, सायकल कुंपणाला टेकवली आणि बाहेरच उभे राहिले. आईने विचारलं, “हे कुठं राहिले?” काका म्हणाले, “वहिनी, बसा आधी.”

काका बाबांच्या मागेच रांगेत होते. गेटवरच्या शिपायाने बाबांच्या खिशाला हात लावला आणि विचारलं, “ये क्या है?”

“जाली है साब.”

हिंदीत जाळीला जाली म्हणतात, बाबांचं काही चुकलं नव्हतं. पण हिंदीत खोट्या, बनावट मालालाही जालीच म्हणतात. शिपायाचा चेहरा बदलला.

“जाली? क्या जाली?”

“माइक साब. लड़का बनाता है घर में.”

“घर में बनाता है?”

“हाँ साब. विलायती माइक. एकदम असली जैसा. बाजू में रखो तो आप भी नहीं पहचानोगे.”

काकांनी मागून बाबांचा शर्ट ओढला होता. बाबांना वाटलं, काका घाई करून राहिले. मुलाचं कौतुक सांगायची संधी त्यांना रोज मिळत नव्हती. शिपायाने विचारलं, माल जातो कुठे, तर म्हणाले, नागपूरला, बडे लोगों को. मग शिपाई त्यांना आत घेऊन गेला.

“मी सांगतलं त्याले, तसं नाही बाप्पा,” काका म्हणाले, “तर मलेच म्हणे, तुम भी साथ में हो क्या?”

बाबा अंधार पडायच्या वेळेला परतले. त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि सांगितलं की चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. नकली माल करायला पितळ प्लांटमधलं नेतो, असं गेटवाल्यांचं म्हणणं. प्लांटमधून धातू बाहेर नेल्याचं ठरलं तर नोकरी जाते हे आमच्या सेक्टर सहामधल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. नोकरीबरोबर प्लांटचं क्वार्टर जातं. मग कुठे जायचं? भंडाऱ्याची जमीन चुलत्यांकडे होती.

आईने तयार झालेल्या बॉड्या तांदळाच्या पिंपात खुपसल्या. सकाळी परत काढल्या. “उतईले नेऊन टाक, मावशीच्या घरी,” ती म्हणाली. मी म्हणालो, लपवलं तर चोरी केल्यासारखं होईल. “मग काय करू सांग ना! शिकला ना तू?” गल्लीत स्कूटर थांबली की आम्ही तिघेही श्वास धरायचो. स्कूटर पुढे गेली तरी तो लवकर सुटायचा नाही.

मग प्लांटमधून निरोप आला, मुलाला माल घेऊन पाठवा.

मी बॉड्या टॉवेलात गुंडाळून नेल्या. चौकशीचे साहेब टेबलाच्या पलीकडे चहा पीत होते. मी टॉवेल सोडला. त्यांनी नमुना उचलला, मग माझी बॉडी, आणि दोन्ही बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

“कौन सा असली है?”

“ये, सर.”

“तो ये नकली है.”

हिंदीत दुसरा कोणता शब्द आहे, मी शोधत होतो. नक्कल म्हटलं तरी अडकणार, कॉपी म्हटलं तरी अडकणार. नमुन्यावर कंपनीच्या नावाची छोटी पट्टी होती. साहेबांनी माझ्या बॉडीवर तीच जागा अंगठ्याने चाचपली.

“इस पर नाम क्यों नहीं?”

“उनका नहीं है, सर. मैंने बनाया है.”

“तो अपना नाम क्यों नहीं लिखा?”

हे मला कधी सुचलंच नव्हतं.

“तेरे बाप ने जाली किसको बोला?”

मी माथ्यावरच्या जाळीला बोट लावलं. “इसको, सर.”

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. “पीतल कहाँ का है?”

मी उस्तादचं नाव-पत्ता सांगितला. पाइप आणि जाळी, दोन्ही तिथलीच. “पूछ लेंगे,” ते म्हणाले, आणि बॉड्या तिथेच ठेवून घेतल्या.

तिथून मी सरळ सुपेल्याला सायकल हाणली. उस्तादच्या दुकानाचं शटर खाली होतं. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, गावाला गेला, कधी येईल माहीत नाही. मी त्याच्याजवळ बाबांचं सगळं सांगून निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी गेलो, शटर खालीच. तिसऱ्या दिवशीही. मला भलतंच वाटायला लागलं. कोणी त्याला विचारून गेलं असेल, तो घाबरून पळाला असेल. भंगार घेणारा माणूस, त्याला तरी चौकशी कशाला परवडेल? परत आला तरी तो म्हणू शकत होता, मैं इस लड़के को नहीं जानता. भर चौकात मला हाका मारणारा माणूस मला ओळखत नाही म्हणेल, हे मनात घोळवत मी परीक्षेचा अभ्यास करत होतो. डोळ्यांपुढचं पान उलटायचं विसरून जायचो.

घरी बाबा सकाळी नेहमीच्या वेळेलाच उठायचे. दाढी करायचे आणि खुर्चीवर बसून राहायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, “मी हिंदीत बोलाले नको होतं.” त्यांच्या डोळ्यांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी एका दुपारी काका आले. पाळी सुटल्याबरोबर आले असावेत, घामाने निथळत होते. आई दारातच उभी राहिली. बाबा खुर्चीतून उठले नाहीत.

“पाणी दे रे पहिले,” काका मला म्हणाले.

मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या संपवला.

“तो लेथवाला आलता गेटवर. सासऱ्याची मैत होती म्हणे, आजच आला गावाहून, तर पोराचा निरोप भेटला त्याले. जाळीचा अख्खा गुंडाळा खांद्यावर घेऊन आला. गेटवर बोंबलून राहिला, मेरा माल है, मैंने दिया है, जिसको पूछना है मुझसे पूछो. साहेबानं खिशातला तुकडा त्या गुंडाळ्याले लावून पाहिला.”

“मग?” आईने विचारलं.

“मग काय. जाळी तीच निघाली.” काकांनी तोंड पुसलं आणि बाबांकडे वळले. “उद्यापासून पहिल्या पाळीले बोलावलं तुले.”