डोहाला वळसा घालणारी वाट

त्या गावात नदीला नाव नाही. नकाशावर आहे, पण गावातले कोरकू लोक तिला नुसतं नदी म्हणतात. धारणीच्या पुढे, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, जीपमधून उतरूनही बराच वेळ चालावं लागतं अशा जागी आश्रमशाळेत माझी पहिली नोकरी होती. दोन वर्षं मीही तिला नुसतं नदीच म्हणत होतो.

शाळेच्या खालच्या अंगाला नदी एका कातळाशी वळते आणि तिथे डोह आहे. पावसाळा लागल्यापासून त्या डोहात कोणी जाळं टाकत नाही, गळ टाकत नाही, पोहायलासुद्धा उतरत नाही. उन्हाळ्यात नदी आटत आली की गाव एक दिवस ठरवतं आणि त्या दिवशी सगळे मिळून डोहात उतरतात. निघतील त्या माशांचे घरागणिक सारखे वाटे पडतात. एक वाटा मास्तरचा. मी तिथे होतो तेव्हा तो पळसाच्या पानात बांधून माझ्या खोलीच्या दारात ठेवलेला असायचा, आणि कोणी ठेवला हे विचारायचं नसतं हे मला हळूहळू कळलं. मात्र या बंदीची एक गोष्ट आहे. मधेच कोणी ती मोडली तर त्या वर्षापुरती ती सगळ्यांनाच सुटते. मग आसपासच्या गावांतलं कोणीही येऊन जाळं टाकू शकतं.

पुढे माझी बदली अकोल्याजवळ झाली. तरी डोहाच्या दिवशी जमेल तेव्हा मी जात राहिलो.

या नदीवर होडीतून एक दिवस जायचं, ही कल्पना आमच्या सरांची. सर म्हणजे अमरावतीच्या कॉलेजात मला भूगोल शिकवणारे. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातून मी तिथे गेलो तेव्हा वर्गात तोंड उघडायला घाबरायचो, कारण उघडलं की ‘मले’ आणि ‘तुले’ बाहेर पडायचं आणि मागच्या बाकांवर हसू फुटायचं. सरांनी मला एका दुपारी स्टाफरूममध्ये बोलावून टेबलावर सर्व्हेचा नकाशा पसरला आणि समोच्च रेषा कशा वाचायच्या ते दाखवलं. रेषा जवळ आल्या की उतार तीव्र, लांब गेल्या की सपाट. नंतर माझ्या हातात पेन्सिल दिली आणि माझं गाव शोधायला सांगितलं. मला ते सापडलं. आमचं गाव कशावर तरी छापलेलं आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

पदवी मिळाली तेव्हा वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला. सर आले होते. त्यांच्यासाठी खुर्ची आणली तर ती बाजूला सारून ते सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले, आणि नंतर आमच्या घरी भाकर-पिठलं जेवले. माझी आई शेतमजूर. तिच्या लेखी सरांचा शब्द त्या दिवसापासून शेवटचा झाला, आणि माझ्याही.

म्हणून निवृत्तीनंतर सर म्हणाले की त्यांच्या एका मित्रानं दोन रबरी कयाक घेतल्या आहेत, तुझ्या त्या नदीवर नेऊ या, तेव्हा मला फार आनंद झाला. त्यांनी दिलेलं काही तरी परत करायची ही पहिली संधी वाटली. मित्र म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरातले एक कापड दुकानदार, हौशी, गप्पिष्ट माणूस. दुकानाच्या माडीवर, साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून आम्ही तिघं बेत आखायचो. दसऱ्यानंतर आणि दिवाळीआधी जायचं, कारण तेव्हा पाणी निवळलेलं असतं आणि होडी खडकांना घासणार नाही इतकं असतं. सकाळी वरच्या पुलाजवळ उतरायचं, दुपारी संगमाच्या अलीकडे बाहेर निघायचं. मधे कुठे थांबायचं यावर मात्र दर वेळी वाद व्हायचा, कारण दुकानदारांना काठावर रोडगे लावायचे होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी नसेल तर त्याला सहल म्हणायचंच कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचो, लावू, पण डोहाच्या खाली.

डोहाबद्दल मी दोघांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नकाशावर पेन्सिलीनं गोल केला होता. डोहाच्या आधी होड्या बाहेर काढायच्या, खांद्यावर घेऊन काठाकाठानं चालायचं आणि खालच्या सपाटीवर पुन्हा पाण्यात सोडायच्या. दुकानदारांनी गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, तुमी आमाले होडीत बसवून राहिले का हमाली करून घेऊन राहिले?”

आम्ही तिघंही हसलो. सर म्हणाले, काही नाही, तेवढा व्यायाम झाला तर बरंच आहे.

सप्टेंबरात मी एकटा गावात जाऊन आलो. काठावरचं जंगल गावाच्या हक्कातलं, म्हणून ग्रामसभेला विचारणं भाग होतं. गावप्रमुखाला तिकडे पटेल म्हणतात. वयस्कर, कमी बोलणारे. सभेत लोकांनी हरकत घेतली, कारण आजवर पाण्यावर होडी कोणी आणलेली नव्हती. पटेलांनी ऐकून घेतलं आणि मास्तरची माणसं आहेत, डोहाला हात लावणार नाहीत, एवढंच सांगितलं. मीही उभा राहून तोच शब्द दिला. दिवस ठरला, दसऱ्यानंतरचा रविवार.

त्या आठवड्यात शुक्रवारी सरांचा फोन आला. वर पाऊस झालाय, पाणी अजून गढूळ आहे, पंधरा दिवस पुढे ढकलू, असं म्हणाले. मी बरं म्हणालो, वर काळजी घेतल्याबद्दल आभारही मानले. गावात फोन लागत नाही म्हणून जीपवाल्याला निरोप दिला. तो बाजाराच्या दिवशीच, म्हणजे रविवार उलटून गेल्यावर पोचणार होता. गाव उगाच वाट पाहील याची मला चुटपुट लागली. आई त्या दिवसांत माझ्याकडे होती.

“सर म्हंते तं असन गढूळ,” ती म्हणाली. “थे काय खोटं बोलतीन?”

सोमवारी मधल्या सुट्टीत मी मोबाईल उघडला. दुकानदारांच्या स्टेटसला व्हिडिओ होता. आधी वाटलं दुसरीच कुठली तरी नदी असेल. मग तो कातळ दिसला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. डोहाच्या मधोमध दोन्ही कयाक उभ्या होत्या, पुढच्या कयाकमध्ये डोक्याला रुमाल बांधलेले सर वल्हं आडवं धरून बसले होते आणि हसत होते. पुढच्या व्हिडिओत दुकानदारांच्या हातात गळाला लागलेली मोठी मरळ होती. त्यापुढच्यात रोडगे होते, कातळावर, डोहाच्या अगदी काठाशी. तो गोवऱ्यांचा धूर मी पुन्हा पुन्हा पाहिला. पुढच्या तासाला माझा सातवीचा वर्ग होता. मी गेलो आणि शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

पुढच्या सुट्टीला मी अमरावतीला सरांच्या घरी गेलो. काकूंनी नेहमीसारखा चिवडा आणला आणि आईची चौकशी केली. सर पेपर वाचत होते. मी काय विचारायला आलोय हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी लपवलंही नाही. मला वाटतं, लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. दुकानदारांचे गुडघे दुखतात, होड्या उचलून चालणं त्यांना जमलं नसतं, होड्या त्यांच्या, मग त्यांचं मन मोडायचं कसं, असं ते समजावून सांगत राहिले. विद्यार्थ्याला अवघड भाग सांगतात त्या आवाजात.

“पण मला येऊ नको म्हणायचं होतं, सर. खोटं कशाला?”

“तू असतास तर डोहाशी होडीतून उतरायला लावलं असतंस,” सर म्हणाले. “आणि तुझ्यासमोर मला नाही म्हणता आलं नसतं.”

 मग ते जरा हसले आणि कौतुकानं म्हणाले, “तुझा मान आहे बरं तिथे. मास्तरची माणसं म्हटल्यावर कोणी एक प्रश्न विचारला नाही.”

तोवर मला वाटत होतं की मला वगळून गेले, एवढंच झालंय. त्या क्षणी कळलं की मला वगळलेलं नव्हतं. नाव बरोबर नेलं होतं आणि मला घरी ठेवलं होतं. माझा चेहरा पाहून सरांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

“मी तुझ्यासाठी आजवर काही कमी केलं का?”

नाही, असं मी म्हणालो. ते खरंच होतं. चिवड्याची बशी रिकामी करून, काकूंना नमस्कार करून मी बाहेर पडलो. बसमध्ये बसल्यावर राग यायला हवा होता. पण मला पुन्हा पुन्हा ती सतरंजी आठवत होती, आणि तिच्यावर मांडी घालून बसलेले सर. तो दिवस खोटा होता असं मानता आलं असतं तर सोपं गेलं असतं. तो खोटा नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावात गेलो. लोक बोलले माझ्याशी, चहा दिला, पण शाळेजवळ मला पाहून पोरं धावत यायची तशी या वेळी कोणी आलं नाही. डोहाचं काय झालं ते मला ओट्यावर बसल्या बसल्या कळलं. बंदी मोडली ही बातमी नदीकाठानं खाली गेली होती. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या गावची माणसं जाळी घेऊन आली. त्यांना अडवायला गावाकडे तोंड नव्हतं, कारण पहिल्यांदा मोडणारे गावाच्याच परवानगीनं आलेले होते. डोह उपसल्यासारखा रिकामा झाला. येत्या उन्हाळ्यात डोहाचा दिवस होणार नव्हता.

पटेल मला नदीवर घेऊन गेले.  डोहाच्या थोडं आधी काठावर घाणेरीच्या झुडपांची दाट जाळी असते, शाळेच्या दिवसांत तिच्यातून अंग ओरबाडत जावं लागायचं. आता तिथे वाट होती. मुळापासून तोडलेली, दोन माणसं होडी घेऊन आरामात जातील एवढी रुंद. जिथे उतार होता तिथे पाय घसरू नये म्हणून सपाट दगड बसवले होते. खालच्या टोकाला नदीकाठची खडी बाजूला करून रेतीची जागा केली होती, रबराला भोक पडू नये म्हणून. हे मी सांगितलेलं नव्हतं. मी सभेत एवढंच म्हणालो होतो की होड्या उचलून नेऊ. बाकी त्यांनी आपसांत ठरवून केलं होतं.

वाटेवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. घाणेरीच्या खुंटांना पोपटी फुटवे आले होते.

मी त्या वाटेनं शेवटपर्यंत चाललो. पटेल मागे होते. रेतीपाशी ते टेकले आणि नदीकडे पाहून त्यांच्या हिंदीत म्हणाले, “मास्तर, तू नही आया. तेरा नाम आया.”

मग त्यांनी विचारलं, सभेत लोक विचारतील ते कोण होते म्हणून, काय सांगू. मला दिसत होतं की ते माझ्यासाठी एक दार उघडं ठेवत होते. ओळखीचे नव्हते, कोणी तरी माझं नाव वापरलं, असं म्हणता आलं असतं, आणि गावानं ते मानलंही असतं. मी म्हणालो, मीच सांगतो.

संध्याकाळी सभेत उभा राहून मी सांगितलं की ते माझे सर होते, मला त्यांनी शिकवलं, आणि मला फसवून ते इथे आले.  सरांबद्दल ‘फसवून’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा उच्चारला.  एका बाईनं शेजारणीला कोरकूत काही तरी सांगितलं. मग यापुढे नदीवर कुणाचीही होडी नको असा ठराव झाला आणि सभा रस्त्याच्या विषयाकडे वळली.

पुढच्या पावसाळ्यात सरांचा फोन आला. पुण्याहून त्यांचे कोणी पाहुणे येणार होते, त्यांना नदी दाखवायची होती, आणि दसऱ्याला पाणी किती असेल याचा माझा अंदाज हवा होता. आवाज नेहमीसारखाच होता, प्रेमाचा.

“गावानं होड्या बंद केल्यात, सर,” मी म्हणालो. “आणि तिकडे गेलात तर माझं नाव सांगू नका.”

 ते रागावतील असं वाटलं, निदान काही तरी विचारतील. पण ते फक्त बरं म्हणाले. मग घसा साफ करून त्यांनी, दर वेळी विचारतात तसं, विचारलं, “आई कशी आहे?”

आई तिथेच बसून तांदूळ निवडत होती. सरांचा फोन आहे हे तिनं ओळखलं होतं, आणि हात पुसून ती बोलायला फोन मागत होती. तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

“बरी आहे, सर,” मी म्हणालो, आणि फोन तिच्या हातात दिला.