दुसऱ्या भागात ती पोरगी कुठं गेली?

इंटरव्हलला टोपली भरायला लागली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलं आहे.

ही टोपली थ्रीडी चष्म्यांची. थ्रीडी सिनेमात पडद्यावरच्या वस्तू अंगावर आल्यासारख्या दिसतात, त्याला काळा चष्मा लागतो. आत जाताना मी प्रत्येकीला चष्मा देते. सिनेमा सुटला की परत घेते आणि पुसून ठेवते. इंटरव्हलला बाहेर येणारी बाई चष्मा डोक्यावर चढवून येते, समोसा खाते, परत आत जाते. तिनं टोपलीत चष्मा टाकला याचा अर्थ ती घरी निघाली.

त्या दिवशी नरसम्मानं टाकला. तिच्या मागच्या दोघींनीही टाकला.

"अगं, संपला न्हाय अजून. अर्धा ऱ्हायलाय," मी म्हणाले.

"म्हाईत हाय की. आज पाणी येतंय, जाते."

"पाणी कालच आलतं तुमच्या गल्लीला."

नरसम्मा हसली. "मग काय सांगू कमलाक्का? ती पोरगी कुटं गेली ते सांग आधी. तीच न्हाय तर बघू काय?"

मी त्यांना जिन्यापर्यंत टॉर्च दाखवली.

मी सोलापुरातल्या एका जुन्या थिएटरात बाल्कनीच्या दारावर असते. हे काम करणाऱ्याला डोअरकीपर म्हणतात. तिकीट फाडायचं आणि अंधारात टॉर्च धरून खुर्चीपर्यंत सोडायचं. दुपारच्या शोला आमची बाल्कनी फक्त बायकांची असते. ही पद्धत मी लागले त्याच्याही आधीची. जुळे सोलापूर या नव्या वस्तीतली मंडळी आता मल्टिप्लेक्सला जातात. आमच्याकडं येतात त्या विड्या वळणाऱ्या बायका, टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या बायका, त्यांच्या सुना आणि जावा.

यांतल्या निम्म्या तरी उशिरा येतात. विड्या वळून झाल्या की त्या ब्रांचला द्याव्या लागतात. ब्रांच म्हणजे विडी कारखान्याची गल्लीतली शाखा. तिथं रांग असते. ती आटोपून बाई पळत येईपर्यंत सिनेमा सुरू झालेला असतो. मग ती खुर्चीत बसता बसता माझा हात धरते आणि विचारते, "काय झालं गं आतापत्तुर?"

मी दोन वाक्यांत सांगते. "हा हिरोचा भाऊ. ह्यानंच घर जाळलंय, पर हिरोला ठावं न्हाय." एवढं सांगितलं की ती पाय वर घेऊन निवांत बसते. मला चार माणसांत बोलता येत नाही. उजेडात कुणी माझ्याकडं बघितलं की शब्द अडकतात. पण अंधारात कुणाला माझं तोंड दिसत नाही, त्यामुळं तिथं मला बोलता येतं. कामाचा हा भाग मला कुणी नेमून दिलेला नाही. आपोआप पडत गेला.

आता त्या सिनेमाचं सांगते. परदेशातला, हिंदीत बोलायला लावलेला. त्याचा पहिला भाग आला तेव्हा माझी धाकटी शाळेत होती. आज तिचा मुलगा बालवाडीत जातो. अवकाशात एक मोठं जहाज असतं. त्यात एक बाप आणि त्याची लहान मुलगी. जहाजाचे दोन तुकडे होतात. बाप एका तुकड्यात, पोरगी दुसऱ्यात. दोन्ही तुकडे लांब लांब जात राहतात. दोघं वायरलेसवर बोलतात. आवाज बारीक होत होत बंद पडतो. शेवटी बाप एका ग्रहावर उतरतो, पोरगी दुसऱ्यावर. दोघंही आपापल्या ठिकाणी जाळ पेटवतात, दुसऱ्याला दिसावा म्हणून. तिथं सिनेमा संपतो.

काय दिवस होते ते! तेव्हा साधाच पडदा होता, चष्मे नव्हते. पंखे नावाला फिरायचे. पण बाल्कनीत पायरीवर बायका बसायच्या. एक म्हातारी पडद्याकडं हात करून ओरडली होती, "अगं हिकडं हाय गं तुजा बा, हिकडं बघ!" कुणी हसलं नाही. सुटल्यावर बायका जिन्यातच थांबून बोलत राहायच्या. जाळ दिसला असेल का? पोरीला खायला कोण देत असेल? माझ्या घरी पोरींनी दोन चटया लांब लांब टाकून तोच खेळ मांडला होता. अनेक दिवस बायका मला बाजारात धरून विचारायच्या, "दुसरा भाग कवा येणार?" जसं काही मीच काढणार होते.

तो आता आला. मधल्या काळात आमच्या थिएटरची गर्दी अर्ध्यावर आली होती. मालकांनी शेवटची हिंमत म्हणून नवा पडदा लावला, नवा आवाज बसवला. पण मॅनेजर जोशीसाहेबांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, "ह्या पिक्चरला बाल्कनी भरली तर ठेवू. नाहीतर वरचा मजला बारशा-वाढदिवसाचा हॉल करू." म्हणजे दार गेलं. दार गेलं की मी गेले. विड्यांच्या बायकांची दुपारही गेली.

पहिल्या दिवशी बाल्कनी खच्चून भरली. इंटरव्हलला टोपलीही भरली.

जोशीसाहेब वर आले. टोपलीकडं बघून त्यांचं तोंड उतरलं. "कमलबाई, का जातायत या?"

"पोरगी दिसत न्हाय म्हणतात, साहेब."

"कुठली पोरगी?"

"पहिल्या भागातली."

ऑपरेटर रज्जाकभाई तिथंच चहा पीत होते. ऑपरेटर म्हणजे मशीन चालवणारा माणूस. पूर्वी ते रिळं लावायचे. आता सिनेमा एका डब्यात येतो, डबा मशीनला जोडायचा आणि कंपनीनं पाठवलेला कुलपाचा नंबर टाकायचा. रज्जाकभाईंना हा सिनेमा फार आवडला होता.

"अरे साब, किस्सा काय को होना?" ते म्हणाले. "वो नीले झाडां देखो. वो काच का शहर देखो. पूरी जिंदगी मशीन चलाया मैं, ऐसा फोटू नईं देखा. बायकां को समझता नईं, छोडो."

"समजतं की," मी हळूच म्हणाले. "लई छान दिसतंय. पर पोरगी..."

"अरे हौ, पोरगी पोरगी! एक पोरगी के वास्ते पूरा आसमान नक्को बोलती ये!"

जोशीसाहेबांनी विचार केला. ते म्हणाले, "बायका पहिला भाग विसरल्यात. इतकी वर्षं झाली. त्यामुळं दुसरा कळत नाही. कमलबाई, उद्यापासून शो सुरू व्हायच्या आधी तुम्ही त्यांना पहिल्या भागाची गोष्ट सांगायची. सगळ्यांना एकदम."

"मला न्हाय जमायचं, साहेब."

"दारात सांगता तेच सांगायचं."

"दारात अंधार असतोय."

"मग दिवे घालवू की," जोशीसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच बाल्कनीचे दिवे घालवले. मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले, टॉर्च बंद केली आणि सांगायला लागले. सुरुवातीला अडखळले. जहाज तुटलं तिथपर्यंत आले तशी बाल्कनी गप्प झाली. वायरलेसवरचं बोलणं सांगताना मलाच भरून आलं. दोन जाळ पेटले तेव्हा पुढच्या रांगेतून नाक ओढल्याचा आवाज आला. जोशीसाहेब दारात उभे होते. त्यांनी मान हलवली. जमलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मग सिनेमा सुरू झाला.

निळी झाडं आली. काचेचं शहर आलं. उडणारे मासे थेट अंगावर आले, बायकांनी हात पुढं केले. मग लढाई झाली. मग दुसरे मासे आले. नवीनच एक तरुण हिरो होता, त्याची काचेच्या शहरातल्या राणीशी दुश्मनी होती. बाप एकदा दिसला, दाढी वाढलेला, खिडकीतून बाहेर बघत. पोरीचं नाव कुणी घेतलं नाही.

इंटरव्हलला टोपली काठोकाठ भरली. काल बायका पाण्याचं निमित्त सांगून निघाल्या होत्या. आज चिडून निघाल्या.

"तूच सांगितलं न्हवं रडून रडून!" एक टॉवेल कारखान्यातली बाई माझ्यावरच आली. "मग पोरगी दावा की आमाला! हे मासं कशाला?"

"मी न्हाय काढला गं पिक्चर."

"मग सांगितलं कशाला? आमी विसरून गेलतो, बरं हुतं."

हे मात्र खरं होतं. साहेबांचा हिशेब उलटा पडला. नरसम्मासारख्या थोड्या सोडल्या, तर बाकीच्या बायका विसरल्या होत्या, म्हणून काल नुसत्या कंटाळल्या होत्या. मी आठवण करून दिली आणि त्या पोरीची वाट बघायला बसल्या. गोष्ट जितकी चांगली सांगितली, तितका सिनेमा वाईट ठरला.

सगळ्याच बायका अशा नव्हत्या, हेही लिहायला हवं. एक बाई त्या आठवड्यात तीनदा आली. एकटीच यायची, कोपऱ्यात बसायची. तिसऱ्यांदा मी तिला विचारलं, "तुमाला आवडतो व्हय हा?"

ती म्हणाली, "लई. घरात काय गोष्टी कमी हायत का? सासू एक सांगती, नवरा दुसरीच सांगतो. मला हितं काय बी समजून घ्यायचं न्हाय. नुसतं निळं निळं बघत बसते. डोस्कं गार हुतंय."

तिचंही पटलं मला. खाली स्टॉलला, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त खुर्च्यांवर, कॉलेजची पोरं शिट्ट्या मारत होती, त्यांनाही कुणाची पोरगी शोधायची नव्हती. खालचा सिनेमा जोरात चालला होता. वरचा चालत नव्हता. पडदा मात्र एकच होता.

गुरुवारी मालक आले. आधी न सांगता, सिनेमा चालू असताना. बाल्कनीत मोजक्या बायका होत्या. अंधारात पांढरा शर्ट दिसला, मी दचकले. चष्मा दिला आणि मागच्या रांगेत टॉर्च दाखवली. बसता बसता ते माझ्याकडं वाकले आणि कुजबुजले, "काय काय झालं आत्तापर्यंत?"

सगळ्या बायका विचारतात तेच. मी आठवू लागले. मासे, शहर, लढाई, राणी. दोन वाक्यांत बसेल असं काही सापडेना. मालकांना खोटं कसं सांगायचं?

"अजून काही झालं न्हाय, मालक."

"आत्ताच सुरू झाला का?"

"न्हाय. तासाच्या वर झाला."

मी दाराशी येऊन उभी राहिले. माझी नोकरी मी माझ्याच तोंडानं घालवली, असं वाटलं. इंटरव्हलला ते उठले नाहीत. त्या रिकाम्या बाल्कनीत शेवटपर्यंत बसले. सुटल्यावर दारात आले, चष्मा टोपलीत ठेवला.

"पडदा झकास बसलाय, नाही?"

"लई छान दिसतंय, मालक." हे मी मनापासून म्हणाले.

"पहिल्या भागाच्या वेळी पडद्याला कोपऱ्यात ठिगळ होतं. आठवतं?"

"आठवतंय की."

"कुणी कधी तक्रार केली होती?"

"न्हाय, मालक. दिसलंच नसंल कुणाला."

त्यांनी जिन्याकडं बघितलं. कदाचित त्यांनाही तिथं थांबून बोलणाऱ्या बायका आठवल्या असतील. मग म्हणाले, "बापलेक भेटतात कधी?"

"तिसऱ्या भागात, असं म्हणतात."

"अरे देवा!" मालक मोठ्यानं हसले. "तोवर मी थिएटर चालू ठेवायचं की काय?"

जोशीसाहेब जिन्यात उभे होते. ते हसावं की नाही या विचारात पडले होते. मालक उतरता उतरता त्यांना म्हणाले, "हॉलचं राहू द्या तूर्त. दोष बाल्कनीचा नाही दिसत."

त्यापुढचं असं झालं. दुसऱ्या आठवड्यात खालची पोरंही कमी झाली, त्यांचं बघून झालं होतं. सिनेमा उतरला. बाल्कनी राहिली, पण पूर्ण नाही. आता ती शुक्रवार ते रविवारच उघडतात. बाकीचे दिवस मी खाली मेन गेटवर असते. तिथं पोरं मोबाइल पुढं करतात, मी मशीननं तिकीट तपासते. उजेड असतो, बोलायचं काम पडत नाही.

जोशीसाहेबांनी एक नवीन सवय लावून घेतली आहे. नवा सिनेमा घेताना ते वितरकाच्या माणसाला फोनवर विचारतात, "गोष्ट काय आहे? दोन वाक्यांत सांगा." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला की ते फोन कानापासून लांब धरतात आणि मला खुणेनं 'नको' म्हणतात.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. सिनेमा कसा काढतात ते मला माहीत नाही. निळी झाडं काढायला किती माणसं राबली असतील, त्यांना मी नावं ठेवत नाही. कोपऱ्यातल्या त्या बाईला तीच झाडं उपयोगी पडली. मला एवढंच कळलं: नवाच सिनेमा असेल तर नुसता देखणा असला तरी चालतो. पण दुसरा भाग असेल तर माणसं आधीच कुणाची तरी वाट बघत आलेली असतात. त्या पोरीला दाखवायचं नसेल, तर निदान पोस्टरवर तसं लिहून टाकावं.