दुखरी बाजू प्लेटकडे

बरगड्यांचा एक्स-रे काढायला आलेल्या माणसाला मी आधी विचारते, एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे दुखतंय. बहुतेक जण अख्खा पंजा छातीवर फिरवतात. मग मी चिडते आणि पुन्हा विचारते. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या आमच्या सेंटरवर जीन्सच्या कारखान्यातले कामगार येतात, दुकानदार शेठ येतात, बाइकवरून पडलेली पोरं येतात. अर्ध्यांना 'श्वास रोखा' सांगावं लागतं, अर्ध्यांना 'सांस रोको'. नियम मात्र सगळ्यांना एकच: जी बाजू दुखते तीच प्लेटला टेकवायची, कारण हाड प्लेटच्या जितकं जवळ तितकं ते स्पष्ट येतं. माणूस कळवळतो आणि मी म्हणते, थोडं अजून. इतकी वर्षं हे म्हणताना मला काही वाटत नव्हतं. पप्पांना तसं उभं केलं तेव्हा वाटलं, कारण त्यांच्या बरगड्या मीच मोडल्या होत्या.

रविवारची सकाळ होती. बेलवलीतल्या आमच्या घरी आई गेल्यापासून आम्ही दोघंच. पप्पा आंघोळ करून बाहेर आले आणि दारातच कोसळले. अंग घामाने निथळत होतं. हाका मारल्या तर ओ नाही. गळ्याला बोटं लावली तर नाडी लागेना. माझी बोटंच इतकी थरथरत होती की त्या क्षणी कुणाचीच नाडी मला लागली नसती, पण हे शहाणपण नंतरचं. पूर्वी एका हॉस्पिटलात असताना आम्हाला रबराच्या पुतळ्यावर शिकवलं होतं, छातीच्या मधोमध तळहात ठेवा आणि जोरात दाबा, घाबरू नका. मी दाबायला लागले. थोड्या वेळाने आत काहीतरी कटकन मोडलं, ते कानाआधी तळहाताला कळलं. मी तरीही थांबले नाही. खालच्या मजल्यावरचे काका, पप्पांचे अंबरनाथच्या फॅक्टरीपासूनचे दोस्त, माझं ओरडणं ऐकून धावत आले आणि त्यांनीच रिक्षा आणली.

दवाखान्यात सिस्टरने बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि लगेच ग्लुकोज लावलं. बघता बघता पप्पांनी डोळे उघडले. डॉक्टर माझ्याहून लहान असेल. त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "हार्टला काही नाहीये, ईसीजी एकदम व्यवस्थित आहे. शुगरची गोळी घेतली आणि वर काही खाल्लं नाही, म्हणून झालं हे." मग विचारलं, "पण तुम्ही छाती कशाला दाबलीत?" टोमणा नव्हता तो, त्याला खरंच कळत नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पप्पांच्या कॉटपाशी परत आले तर काका त्यांना सांगत होते, "अरे, तू गेला होतास! पोरीने परत खेचून आणला तुला." पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला नर्सिंगला घालायची त्यांची फार इच्छा होती आणि मी एक्स-रेचा कोर्स केला, याचा राग त्यांनी कधी सोडला नव्हता. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की 'फोटो काढते' एवढंच सांगायचे, लग्नात फोटो काढत असल्यासारखं. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरून विचारलं, "खरंच बंद पडलं होतं का गं हृदय?"

मी हो म्हणाले.

डॉक्टरने जाताना त्यांना 'वेळेवर जेवत जा' असं बजावलं होतं, पण ते तर सगळेच डॉक्टर सांगतात.

छातीतली कळ थांबेना तेव्हा मी त्यांना सेंटरवर घेऊन गेले. वरच्या बरगड्यांसाठी पूर्ण श्वास भरून रोखायचा, म्हणजे फुप्फुसं फुगतात आणि छाती-पोटामधला पडदा खाली सरकतो. पप्पांना अर्धाही श्वास घेता येत नव्हता. मग त्यांना तिरकं उभं केलं, दुखरी डावी बाजू प्लेटला टेकवून, एक हात डोक्यावर. थोडं अजून, मी म्हणाले आणि माझाच आवाज मला नकोसा झाला. छातीचं मधलं हाड बघायला माणसाला एका कुशीने उभं करून, हात पाठीमागे बांधून छाती पुढे काढायला लावतात. पप्पांनी ती अशी काढली की जणू कुणी पदक लावणार आहे. मधलं हाड शाबूत निघालं. डावीकडची चौथी आणि पाचवी बरगडी पुढच्या बाजूला मोडलेली होती. पप्पा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "मोडू दे. जीव वाचला ना." बाहेर बसलेल्या पेशंटनाही त्यांनी ते ऐकवलं.

मग तर त्यांना ऊतच आला. सकाळी फिरायला जाताना, विहारात वंदना झाल्यावर, रेशनच्या रांगेत, जो भेटेल त्याला जय भीम झाला की लगेच छाती दाखवायची. "मुलगी मेडिकल लाइनमध्ये आहे म्हणून वाचलो." नुसतं सांगून थांबत नसत, तळहातावर तळहात ठेवून कसं दाबायचं, हे माझ्याकडून शिकून घेऊन तेही करून दाखवत. काका त्यांचे पहिले विद्यार्थी. मी आतून ऐकायची आणि चहा उतू जायचा.

मी माझ्या परीने बंदोबस्त केला होता. खाल्ल्याशिवाय गोळी हातात द्यायची नाही, एवढं पाळलं की कुणाचं काही बिघडत नाही, असं स्वतःला समजावत होते. पण पप्पा आता स्वतःला हार्ट पेशंट समजत होते. भात सोडला, तेल सोडलं, नाश्ता चार घासांवर आणला. मी ओरडायची, "नीट खा ना!" तर म्हणायचे, "हृदयावर लोड नको." ते का खायला हवं, हे सांगायला मला तोंड नव्हतं. खरं तर होतं, पण त्यांच्या नजरेत मी जी कुणी झाले होते ती मला सोडवत नव्हती. ही माझी लाज आहे आणि ती दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

दीडेक महिन्याने दुपारी ड्यूटीवर असताना काकांचा फोन आला. पप्पा खुर्चीतच घामाघूम होऊन मान टाकून पडले होते. काकांनी त्यांना जमिनीवर घेतलं आणि शिकवलं होतं तसं दाबलं. मग दवाखाना, सुई, ग्लुकोज. सगळं तसंच, आणि डॉक्टर या वेळीही मलाच बाजूला घेऊन बोलला.

दोन दिवसांनी पप्पांना पुन्हा माझ्यासमोर स्टँडला उभं केलं. या वेळी दुखरी बाजू उजवी. स्क्रीनवर डावीकडे जुन्या मोडलेल्या जागी हाड भरून आलं होतं आणि उजवीकडे सहावी नव्याने मोडली होती. काका दारातून डोकावले.

"मोडली का गं?"

"हो काका."

त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या हातून झालं हे. पण जीव तर वाचला ना? तुझ्यासारखाच वाचवला ना मी त्याला?"

मी माझ्या केबिनच्या काचेतून पप्पांकडे बघितलं. हात खाली घ्या असं मी सांगितलं नव्हतं, म्हणून ते अजून एक हात डोक्यावर ठेवून उभे होते आणि माझ्या उत्तराची वाट बघत होते. मधलं दार उघडंच होतं.

"नाही काका," मी म्हणाले. "हृदयाला काही झालंच नव्हतं. साखर उतरली होती. पहिल्या वेळीही तेच. नुसतं दवाखान्यात नेलं असतं तरी उठले असते." मग पप्पांकडे वळून बाकीचंही सांगून टाकलं, की डॉक्टरने त्याच दिवशी हे सांगितलं होतं आणि मी खोटं बोलले.

पप्पांनी हात हळूहळू खाली घेतला. शर्ट चढवून बटणं लावायला घेतली. मी मदतीला पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. काका भिंतीला टेकून म्हणत होते, "म्हणजे मी उगाचच मोडली..."

"तुझं काही चुकलं नाही रे," पप्पा त्यांना म्हणाले. "दाबायला तुला मी शिकवलं." शेवटचं बटण लावून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, त्यांनी पुढे एवढंच म्हटलं, "आणि मला हिने."