दोन बटणांत गेलेली सहा नावं

एका दुपारी मी सहा माणसं दोन बटणांत नाहीशी केली आणि दोष कंप्यूटरला दिला. तेव्हा मी बेचाळीसची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

नवं राज्य नुकतंच झालेलं. कोण रायपूरला राहणार आणि कोण भोपाळला जाणार, त्याच्या दोन गोपनीय याद्या मी टाइप केल्या होत्या. चार वाजता साहेब म्हणाले, "मैडम, भोपाल वाली लिस्ट के आखिरी छह नाम रायपुर में डाल दीजिए. पाँच बजे मुझे निकलना है." आणि मीटिंगला गेले.

कट-पेस्ट हे शब्द आमच्याच टेबलावरचे बरं का. टायपिंगच्या काळात मजकूर हलवायचा तर कात्रीने पट्टी कापायची, गोंदाने दुसरीकडे डकवायची. कापलेल्या पट्ट्या पेपरवेटखाली हव्या तितक्या ठेवा. मी तेच केलं. नावं न वाचताच कट केली. मग वाटलं, रायपूरचं शीर्षक थोडं खाली हवं. तेही कट. आता पेस्ट. शीर्षक आलं. परत पेस्ट. परत शीर्षकच!

कंप्यूटर कापलेलं जिथे ठेवतो, त्याला क्लिपबोर्ड म्हणतात. नाव आमच्या चिमटावाल्या पाटीचंच, पण ह्या पाटीवर एकच कागद राहतो. दुसरा ठेवला की पहिला गेला. हे मला ठाऊक नव्हतं. घाबरून मी फाइल सेव्ह करून बंद केली. उघडली की नावं परत येतील म्हणे! वा गं हुशार.

उरलेली नावं वाचली. रेखाचं कुठेच नव्हतं. रेखा म्हणजे शेजारच्या टेबलावरची. तिचे बाबा लकव्याने इथल्याच, रायपूरच्या गुढियारी मोहल्ल्यातल्या घरी पडून असायचे आणि त्यांना भरवायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"काय झालं दीदी? घाम काहून येऊन राहिला?" रेखाने विचारलं.

"गर्मी आहे," मी म्हटलं. डिसेंबर होता.

बाकीचे पाच जण कोण? नावं जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली. कच्चा कागद गोपनीय म्हणून मी स्वतःच फाडलेला. साडेचार झाले.

मग आठवलं. कंप्यूटरवर भरवसा नाही म्हणून यादी मी आधी टाइपरायटरवर काढली होती, कार्बन लावून. कागद फाडले, पण कोरा करकरीत कार्बन एकदाच वापरून टाकवेना, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. ईमेलवर सीसी लिहितात ना, तो हाच, कार्बन कॉपीतला कार्बन. खिडकीशी उजेडात धरला. जिथे अक्षर ठोकलं गेलं होतं तिथली शाई उडालेली, तिथून उजेड येत होता. शेवटची सहा नावं दिसली. चौथी रेखा.

पाचला पाच कमी असताना यादी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी बघितलंही नाही.

ऑर्डर निघाल्यावर मी रेखाला सगळं सांगितलं. तेव्हापासून काही कट करायच्या आधी मी कापायचं काय ते वाचते. रेखा ऐकून म्हणाली, "कापलं तं कापलं मले दीदी, पण डकवाले इतका वेळ लावते का कोनी?"