रिसलिंगमधलं पेट्रोल

आमच्या घरात दारू शिरली ती खोकल्याच्या औषधातून, तेवढीच. अशा घरातली मुलगी बायोलॉजीची पदवी घेऊन वाइनच्या परीक्षेला बसली. मी कुणाला सांगताना लाजले नाही. लाजायचं काम इथल्या, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या माझ्या मैत्रिणींनी केलं.

या परीक्षेत बाटली दाखवत नाहीत. नुसते पेले समोर ठेवतात आणि वासावरून, चवीवरून वाइन ओळखायची. आमच्या लेकीचं घोडं अडायचं ते एका जर्मन पांढऱ्या वाइनपाशी, रिसलिंगपाशी. ती जुनी झाली की तिला म्हणे पेट्रोलचा वास येतो, आणि हीच तिची खूण. लेकीला लिंबाचा वास यायचा, सफरचंदाचा यायचा, मधाचा यायचा; पेट्रोल काही सापडेना. यावरच ती एकदा नापास झाली होती. पुन्हा हुकलं असतं तर ती काम करते त्या ह्यूस्टनच्या रेस्टॉरंटमधली बढतीही हातची गेली असती. म्हणून परीक्षेआधीच्या शनिवारी ती जुन्या रिसलिंगच्या बाटल्या घेऊन घरी आली.

रिकाम्या पोटी काही प्यायचं नाही, असा मी दम भरला आणि कोंबडीचा झणझणीत रस्सा, भरली वांगी, मिरचीचा ठेचा केला.

"आई, तिखटाबरोबर हीच बेस्ट. थोडी स्वीट, थोडी आंबट, अल्कोहोलही कमी. तू ट्राय तर कर!"

पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्या बाईला गोड-तिखटाची जोडी शिकवायला निघाली होती! पण ठेच्यावर एक घोट घेतला आणि जीभ खरंच निवली. दुसरा घोट मी फक्त खात्री करायला घेतला.

मग तिने फोनवर रिसलिंगचे जर्मनीतल्या मोझेल नदीकाठचे मळे दाखवले. आमच्या नाशिककडची द्राक्षं मांडवावर आरामात लोळतात. इथे भिंतीसारखा उभा चढ, प्रत्येक वेलीला आपापला खुंट, आणि जमीन पाटीच्या दगडाची. तो दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. तोडणाऱ्याचा पाय घसरला तर मात्र थेट नदी. या लोकांना सपाट जागा मिळाली नाही का, असं मी विचारलंसुद्धा.

तेवढ्यात माझा नवरा जेवायला आला. हा रिफायनरीतला इंजिनियर, उभा जन्म तेलाच्या पाइपांमध्ये गेलेला. लेकीने पेला त्याच्या नाकाखाली धरला. त्याने झटकन मान मागे घेतली.

"हे कुणी पिऊ नका! बाटली कुठे ठेवली होती?" असं म्हणत तो पेला सिंकमध्ये ओतायला निघाला. तिने तो हिसकावून घेतला.

"बाबा, म्हणजे तुम्हाला आला वास?"

"आला म्हणजे? आमच्याकडे असा वास आला तर अलार्म वाजेल!"

मग हा दारूला न शिवणारा माणूस तिचा मास्तर झाला. पुन्हा हुंग, हळू हुंग, तोंड मिटून हुंग. जेवण गार झालं. शेवटी तिने पेला आपटला. "आय गेट नथिंग, बाबा! माझं नाकच खराब आहे." तिचे डोळे भरून आले.

आणि तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, तुला कसा येईल हा वास? बाबा प्लांटवरून आले की तू त्यांच्या खांद्यावर झोपायचीस. आपल्याच घराचा वास कधी कुणाला येतो का?"

लेकीने पेला पुन्हा नाकाशी नेला. नवरा तर आपण काही गुन्हा केल्यासारखा ताटात बघत बसला.

परीक्षा झाली आणि तिने पार्किंग लॉटमधूनच फोन केला. मी स्पीकर लावला.

"बाबा, थर्ड ग्लासमध्ये लिंबू होतं, मध होता, आणि त्याच्याखाली काहीच नव्हतं. पण मला एकदम सेफ वाटलं, यार. तुम्ही घरी आल्यासारखं. मी लगेच सांगितलं, रिसलिंग, मोझेल. आय पास्ड!"

मी ओरडलेच. नवरा मात्र फोन ठेवल्यावरही आपल्या तळहातांकडे बघत उभा होता.

"तिला उचलून घ्यायच्या आधी कोपरापर्यंत साबण लावायचो मी," तो म्हणाला. "पोरीला तो वास लागू नये म्हणून."

"बरं झालं," मी म्हटलं, "नीट निघाला नाही."