एकाच वेळी आलेले दोन वाडगे

दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर पाऊण तास पडायचे, हा नियम मी माझ्या शहात्तर वर्षांच्या देहाला घालून दिलेला आहे. त्या पाऊण तासात ह्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. आजही कोणी बोलत नाही. केवळ स्वयंपाकघरात वैजयंती, माझी सून, घासलेली भांडी जागेवर लावते आहे. एक वाडगा दुसऱ्यात बसतो, त्यावर तिसरा, त्यावर चौथा. मी डोळे मिटून ऐकते. वाडगे थांबत नाहीत. आमच्या घरी इतके वाडगे नाहीत हे मला पक्के ठाऊक आहे, तरी ते येतच राहतात. मग त्यांच्यातून वाफ येऊ लागते, आणि त्या वाफेला दालचिनीचा व बादियानफुलाचा वास असतो.

मी उभी आहे. समोर काचेचे दार आहे, आतून वाफेने पांढरे झालेले. हे दार मी ओळखते.

तीन वर्षांपूर्वी माझी कन्या शर्वरी आम्हा दोघांना, मला आणि माझ्या यजमानांना, मेलबर्नमधल्या ह्या व्हिएतनामी खानावळीत घेऊन आली होती. यजमानांचे नाव मी कधी घेतले नाही, इथेही घेणार नाही. त्या दिवशी काय घडले ते मात्र सांगितले पाहिजे, कारण ते आजवर मी कोणाला सांगितलेले नाही.

लग्नाच्या पंगतीत भरवलेला एक घास सोडला, तर बावन्न वर्षांच्या संसारात मी यजमानांच्या बरोबरीने जेवले नाही. नवी नवरी होऊन कोल्हापूरला आले त्याच संध्याकाळी सासूबाईंनी बजावले होते, "तो जेवून उठेपर्यंत आपल्या पानाला हात लागायचा नाही." तो लागला नाही. पाटांच्या जागी टेबल आले, शेजारच्या घरांतून नवराबायको एकत्र बसू लागली. मी वाढत राहिले, आणि ते उठल्यावर त्यांच्याच ताटात जेवत राहिले. ह्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. तो माझा मान होता.

परंतु त्या खानावळीत 'फो' नावाचा जो पदार्थ मिळतो, तो असले नियम जाणत नाही. तांदळाच्या शेवया, त्यांवर कोंबडीचे काप, त्यांवर उकळता रस्सा, आणि सर्वांचे वाडगे एकाच वेळी समोर येतात. खाणाऱ्याने तत्काळ खावे. थांबला, तर शेवया सगळा रस्सा पिऊन टाकतात. मी मांडीवर हात ठेवून बसले. यजमान माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आज बरोबर जेवूया. इथं आपल्याला कोण बघतंय?"

"मी बघते आहे," मी म्हणाले.

शर्वरीने मान खाली घातली. ते जेवले. कोल्हापूरचा माणूस, पांढऱ्या रश्श्याचे भुरके शेजारच्या गल्लीत ऐकू जातील असे मारणारा, त्या दिवशी आवाज न करता जेवला. त्यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या तोवर माझ्या वाडग्यात थेंबभर रस्सा उरला नव्हता. तो फुगलेला गोळा मी ताठ मानेने संपवला आणि पदार्थ उत्तम असल्याचे सांगितले. त्यांनी पुन्हा तसे विचारले नाही. पुढल्या मार्गशीर्षात ते गेले. साऱ्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी माझ्याकडे ती एकच गोष्ट मागितली होती.

मी दार ढकलते.

आत तीळ ठेवायला जागा नाही. लांब टेबलांना माणसे कोपराला कोपर लावून बसली आहेत. कोणी लिंबू पिळतो आहे, कोणी मोड आलेले मूग मुठीने वाडग्यात सोडतो आहे, आणि सगळीकडे भुरक्यांचा आवाज आहे. माझ्या मागे रांग लागलेली आहे. खानावळीची मालकीण लानबाई समोर येते. बुटकी, साठीची, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. त्या दिवशी होती तशीच. ती बोटांनीच विचारते: किती जण?

मी एक बोट दाखवते, कारण दोन वर्षे मी एकटी आहे.

ती मान हलवते आणि मला दोन बोटे दाखवते.

मी तिच्या मागून चालू लागते. पायांखाली गुळगुळीत फरशी असते, मग ती आमच्या माजघरातली शहाबादी होते, थंड आणि ओलसर. माझ्या पायांत चपला नाहीत. दोन टेबलांच्या मध्ये एक उंबरा आहे. इतर लोक तो न पाहता ओलांडतात. मी उजवा पाय आधी टाकते.

कोपऱ्यात ते बसले आहेत. तपकिरी कोट, गळ्यात खोचलेला रुमाल. समोर दोन वाडगे, दोन्ही काठोकाठ भरलेले, दोन्हींतून वाफ निघते आहे.

"बसा," ते म्हणतात. "वाढायला इथं माणसं ठेवलीत."

"आपण जेवला नाहीत?"

"नाही."

"केव्हापासून?"

"गेल्यापासून."

"वर्षश्राद्धाला मी अठरा पदार्थ केले होते," मी म्हणते. "खीर होती. वडे होते. एकही गोष्ट कमी पडू दिली नाही."

"पोचलं सगळं. खीर झकास दिसत होती. वडे जरा कडक."

"ते वैजयंतीनं तळले."

"सुनेवर ढकलू नका. पीठ तुम्हीच भिजवलं असणार." ते हसतात. "पण पान एकच होतं, पद्मावती. दोन वर्षं तुमची वाट बघत थांबलोय. तुम्ही पन्नासवर वर्षं थांबलात, मी दोन थांबलो तर बिघडलं कुठं?"

मी बसते. इतकी माणसे असूनही आमच्या टेबलाला बाकी कोणी नाही. मी माझ्या नेहमीच्या आवाजात, ज्या आवाजापुढे आमच्या घरात कोणी पुढे बोलत नाही त्या आवाजात, सांगते, "आता आपण सुरू करावं. मी समोर बसते."

"तुम्ही करा."

"ते होणार नाही."

"मग बरोबर."

"निवेल ते."

"दोन वर्षं निवलं नव्हतं. आत्ता निवायला लागलंय, तुम्ही बसल्यापासून."

मी खाली पाहते. खरोखरच वाफ पातळ होते आहे. शेवया माझ्या डोळ्यांदेखत जाड होत आहेत, आणि रश्श्याची कड वाडग्याच्या काठापासून बोटभर खाली गेली आहे. दाराशी रांग वाढते आहे. लानबाई आमच्या टेबलाकडे एकदा पाहते आणि नजर फिरवते. हे टेबल आम्हाला कायमचे दिलेले नाही, हे मला समजते.

ते पाल्याची थाळी माझ्याकडे सरकवतात. "तुळस घाला. त्यानं चव येते."

"तुळस? नैवेद्याशिवाय, अशी जेवणात कुस्करून?"

"तुळस नाही ती. तिची चुलत बहीण. सोवळंओवळं काही पाळत नाही बिचारी."

मी दोन पाने वाडग्यात टाकते. मग जे विचारायला मी दोन वर्षे माणूस शोधत होते, ते विचारते.

"त्या दिवशी आपण रागावला होतात?"

"नाही. चव लागली नाही."

"इतकंच?"

"इतकंच कसं? तुमचे हात मला पाठ आहेत. डाव्या मनगटावरचा तव्याचा डाग, वाढताना बांगड्या मागं सारायची तुमची तऱ्हा. डोळे मिटून सांगीन आमटीचा डाव कुठल्या हातात होता. पण तुम्ही जेवता कशा, ते ह्या डोळ्यांनी एकदाही बघितलं नाही. म्हटलं, परमुलखात तरी बघायला मिळेल."

मी पदर तोंडाशी नेते. "त्यात बघण्यासारखं काही नाही."

"ते बघणाऱ्याला ठरवू दे की."

मी सवयीने बाजूला पाहते, आणि शेजारच्या टेबलावर सासूबाई बसलेल्या दिसतात. डोक्यावर पदर, कपाळावर आडवे कुंकू, हातात काड्या. त्यांच्यासमोर सासरेबुवा आहेत. दोघांत एकच मोठा वाडगा आहे, आणि सासूबाई त्यातला कोंबडीचा चांगला काप सासरेबुवांच्या आधी उचलत आहेत.

मी जागच्या जागी उठून उभी राहते. सासूबाई भुरका पूर्ण करतात, मग माझ्याकडे पाहतात.

"माझ्याकडं काय बघतीस? त्याच्याकडं बघ."

"सासूबाई, आपणच सांगितलं होतं..."

"सांगितलं होतं. मला माझ्या सासूनं सांगितलं होतं, तिला तिच्या. ती तिकडं बसलीय बघ, तिसरा वाडगा चाललाय तिचा." त्या काडीने मागची टेबले दाखवतात. "पाळलंस ना सगळं? नीट पाळलंस. माझं काही म्हणणं नाही. आता बस खाली, रस्सा आटतोय."

मी बसते. शेवया अर्ध्याहून अधिक फुगल्या आहेत. मी काड्या उचलते. त्या माझ्या बोटांत राहत नाहीत. यजमान हात पुढे करून माझी बोटे नीट लावून देतात. त्यांचा हात उबदार आहे. तो उबदार असेल असे मला वाटले नव्हते, आणि मी मान वाडग्यावर खाली घालते, कारण मला रडू येईल, आणि रांगेतले लोक पाहत आहेत.

"तयार?" ते विचारतात.

"एकदमच," मी म्हणते. "आपण पुढं नाही, मी मागं नाही."

"हुकूम."

आम्ही दोघे वाकतो. मी शेवया तोंडाशी नेते आणि आयुष्यात प्रथमच, भरल्या खानावळीत, आवाज करून भुरका मारते. मनात होते की ते निवले असेल. वाडग्याच्या तळाशी सगळी आग तशीच राहिलेली आहे. आधी आल्याचा तिखटपणा, मग भाजलेला कांदा, मग बादियान, आणि त्यामागून जिभेच्या शेंड्यावर लख्ख चटका.

"पोळलं?"

"हो."

"मलापण."

आणि ते हसू लागतात, खांदे हलवून, रुमालाने डोळे टिपत, तरुणपणी हसायचे तसे. मीही हसते. तोंडात घास असताना हसू नये, हे मी चार मुलांना आणि नऊ नातवंडांना शिकवले आहे.

मग ते हसायचे थांबतात आणि मला नुसते पाहत राहतात.

"असं होय," ते म्हणतात.

"काय?"

"पहिल्या घासाला डोळे मिटता तुम्ही."

"मी? छे."

"मिटता. लहान मुलीसारखे. कुणी सांगितलं नाही तुम्हाला कधी?"

कोण सांगणार होते? मी नेहमी एकटीच जेवत होते.

"पुन्हा एकदा," ते म्हणतात. "मी बघतो."

मी दुसरा घास उचलते. समोर त्यांच्याही काड्या वर येतात, माझ्या बरोबरीने, ना वीतभर पुढे ना मागे. डोळे उघडे ठेवायचे असे मी ठरवलेले असते, कारण मलाही त्यांना पाहायचे आहे. शेवया ओठांना लागतात. चव लागते, आणि माझे डोळे आपोआप मिटतात.

ते उघडतात तेव्हा छताचा पंखा दिसतो.

स्वयंपाकघरातले वाडगे थांबले आहेत. मी उठून बसते, चूळ भरावी म्हणून तांब्यातले पाणी तोंडात घेते, आणि जिभेचा शेंडा झोंबतो. बोट लावून पाहते. तेवढी जागा खरखरीत आणि बधिर झालेली आहे. दुपारी मी दहीभाताखेरीज काही घेतलेले नाही.

वैजयंती चहा घेऊन येते. बशीत कप ठेवून ती नेहमीप्रमाणे दाराशी सरकते.

"इकडे ये," मी म्हणते. "ही जीभ बघ जरा."

तिला वाटते, तिने चुकीचे ऐकले. एकोणीस वर्षांत मी तिला जीभ दाखवलेली नाही. ती खिडकीचा पडदा सारते, वाकते आणि नीट पाहते.

"पोळलीय हो, आईसाहेब. चांगली लाल झालीय. काय गरम खाल्लंत?"

"ते राहू दे. तुझा चहा कुठे आहे?"

"आत. आपला झाला की घेईन."

"इथे घेऊन ये."

ती माझ्याकडे पाहत राहते. "गार होईल आपला."

"होऊ दे. खुर्चीही आण एक."

ती जाते. आत कपाचा आणि बशीचा आवाज होतो, मग खुर्ची ओढल्याचा. माझ्या कपातून वाफ निघते आहे. मी हात मांडीवर ठेवते आणि तिची वाट पाहते.