कपाटाची किल्ली आणि एकोणसत्तर

गेल्या हिवाळ्यात आठ दिवस आमच्या कपाटाची किल्ली उपग्रहांच्या हवाली होती.

तिला तिथे पोचवलं मी. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. जव्हारच्या एका कचेरीत माझं आयुष्य आवक-जावक नोंदवण्यात गेलं. घरी बसल्यावर आवक चालू राहिली (दोन वेळचं जेवण, चारदा चहा), जावक मात्र शून्य! माझी ती अवस्था बघून आमच्या मुक्ताने, म्हणजे नाशिकला नोकरी करणाऱ्या मुलीने, मला जिओकॅशिंग नावाचा खेळ शिकवला. आपण कुठेतरी डबा लपवायचा, आत एक वही ठेवायची आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. मग जगातल्या कुणीही मोबाइलमधल्या बाणामागे चालत यायचं, डबा शोधायचा, वहीत नाव लिहायचं आणि डबा परत जागेवर ठेवून जायचं.

"आणि मिळतं काय?" आमच्या हिने विचारलं.

"आनंद," मुक्ता म्हणाली.

"मग आधी बाबांना रोजचा चष्मा शोधून आनंद घेऊ दे."

नकाशावर आमच्या भागात एकही डबा दिसेना. नाशिककडे डबे, ठाण्याकडे डबे, जव्हार-मोखाड्यात मात्र ठणठणाट. माझा तालुकाभिमान उसळला. आधी शिरपामाळावर गेलो, पण तिथे फिरायला आलेले लोक. डबा लपवताना कुणाला दिसता कामा नये हा खेळाचा कडक नियम. दाभोसा धबधब्याची उतरण माझ्या गुडघ्यांनी नामंजूर केली. शेवटी जामसरच्या बाजूला, एका पाड्यामागचा माळ पसंत पडला. कमरेएवढं गवत, ऐनाची झाडं आणि चिटपाखरू नाही.

डबा घरचाच. फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर एक चेपका स्टीलचा डबा वर्षानुवर्षं पडून होता. झाकण उघडलं, आतल्या ताटलीवर वही ठेवली, झाकण लावलं. ताटली उचलून खाली काय आहे ते पाहिलं नाही. (नोकरीत असताना दुसऱ्यांची पाकिटं उघडून पाहायची सवय होती, स्वतःच्या घरचा डबा नाही पाहिला!)

माळावर डबा एका दगडाखाली सरकवला. मोबाइल म्हणाला, होकायंत्र बिघडलंय, मला हवेत धरून इंग्रजी आठ काढा. मी आठ काढले. एकाने भागेना म्हणून चांगले दहा-बारा काढले, एकदा या दिशेला तोंड करून, एकदा त्या. मग पडद्यावर आकडे उमटले. मुक्ताला ते बोलून पाठवले आणि स्कूटर घेऊन घरी आलो. जागेची खूणबीण काही लक्षात ठेवली नाही. ती ठेवायची नसते म्हणून तर यंत्र.

आता आकड्यांबद्दल एक सांगितलं पाहिजे. मुक्ता शिकली इंग्रजी शाळेत. 'एकोण' हा शब्द तिचा जन्माचा वैरी. एकोणसाठ ऐकलं की तिला नुसतं साठ ऐकू येई आणि ती बेधडक सहापुढे नऊ लिहून साठाच्या पुढे जाऊन बसे. लहानपणी तिच्या ताटात दुसरी पोळी पडायच्या आत माझी परीक्षा सुरू व्हायची. एकोणसाठ म्हणजे? एकोणऐंशी म्हणजे? पोरगी भुकेनेच जास्त चुकायची असं आता वाटतं.

डबा ठेवल्यावर नऊ दिवसांनी मुक्ताचा साखरपुडा होता, नाशिकला, सकाळी दहाला. आदल्या दिवशी ती आम्हाला न्यायला गाडी घेऊन आली. दुपारची जेवणं झाली, आणि ही फडताळाशी स्टुलावर चढली. मग तिथूनच प्रश्न आला.

"इथला चेपका डबा कुठाय?"

कपाटाची किल्ली त्या डब्यात होती. ताटलीखाली. मुक्ताचा शालू, दागिने, जावयाची अंगठी, सगळं कपाटात. "चोराला आणि तुम्हाला सुचणार नाही अशी जागा म्हणून ठेवली होती," ही म्हणाली. चोराने तिचा मान राखला, मी नाही. कुलूप फोडू या, असं मी सुचवून पाहिलं. कपाट तिच्या माहेरचं. "त्याला पहार लागायच्या आधी दुसऱ्या कशालातरी लागेल," एवढंच ती माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली.

मी मात्र निश्चिंत! अक्षांश होते, रेखांश होते. दोन तासांत किल्ली घेऊन परत, असं जाहीर करून मी पुढच्या सीटवर बसलो, ही मागे.

मुक्ताच्या मोबाइलमधल्या बाणाने आम्हाला माळावर नेलंच नाही. त्याने नेलं पाड्यातल्या एका घराच्या अंगणात आणि तिथल्या पेंढ्याच्या उडवीकडे बोट दाखवलं. पुरुषभर उंच, गोल, सुबक रचलेली उडवी. मी तिला प्रदक्षिणा घातली. बाण प्रत्येक वेळी आतच!

ओट्यावर एक म्हातारी नाचणी पाखडत होती. तिने काय हुडकता असं विचारलं. गुप्ततेचा नियम आठवून मी म्हणालो, पक्षी बघतोय.

"पेंढ्यात?" म्हातारीने विचारलं आणि सूप पुन्हा चालू केलं.

तेवढ्यात तिचा मुलगा सोमाभाऊ शेतावरून आला. माझ्या हातात मुक्ताचा मोबाइल, तोंड वर, पाऊल मोजून. त्याला वाटलं आम्ही रस्त्यात जाणारी जमीन मोजायला आलो. त्याचा चेहरा बघून मला नियम सोडावा लागला. डबा, किल्ली, साखरपुडा, सगळं सांगितलं. माळाऐवजी अंगण कसं ते कळेना, पण यंत्र चुकत नाही; आठ दिवसांपूर्वी ही उडवी नव्हती, तेव्हा डबा तिच्याखालीच असणार, आणि ती जरा उतरवता आली तर, असंही सुचवलं.

सोमाभाऊने उडवीकडे पाहिलं. ती रचायला त्याला दोन दिवस लागले होते. मग त्याने माझ्या हातातला मोबाइल बघायला मागितला. मी त्याला हे उपग्रहाचं कसं असतं ते समजावू लागलो.

"म्हायती हाय," तो म्हणाला. "आमचे जंगलजमिनीचे वनपट्टे याच्यावरच मोजले. पाड्यातल्या समद्यांचे प्लॉट मीच फिरून मोजून दिले. मशीन खोटं नाय बोलत साहेब. आकडा कोणी लिवला?"

माझी मान आपोआप मुक्ताकडे वळली. मग मी सुटलोच. एकोणसाठपासून एकोणनव्वदपर्यंत सगळं बाहेर काढलं. शेवटचा एक आकडा चुकला की जागा शंभर मीटर सरकते, एका मराठी शब्दापायी स्वतःचा साखरपुडा घालवशील, वगैरे. हीसुद्धा आज माझ्या बाजूने होती. मुक्ताने सोमाभाऊच्या हातून मोबाइल घेतला आणि मी त्या दिवशी पाठवलेला आवाजी निरोप सगळ्यांसमोर लावला.

गवताची सळसळ, माझा दम, अक्षांशाचे सुरुवातीचे आकडे. मग माझा गुरुजींचा आवाज:

"...आणि शेवटी एकोणसत्तर. एकोणसत्तर हं! तुझा घोळ होतो म्हणून इंग्रजीत पण सांगतो. सिक्स्टी-नाइन. मराठी यायला पाहिजे गं तुम्हाला."

"मी सिक्स्टी-नाइनच लिहिलंय, बाबा," मुक्ता म्हणाली.

सोमाभाऊने निरोप पुन्हा लावायला सांगितला आणि मोबाइल कानाशी धरला. ऐकता ऐकता त्याच्या मिशा हलल्या.

"साहेब, तुम्ही आधी हळूच 'पाच नऊ' म्हणला. मंग मोठ्यानं ते दुसरं."

पडद्यावर एकोणसाठ होते. मी ते बरोबर वाचले होते. मग लेकीला मराठी शिकवायला गेलो आणि स्वतःच दहाने पुढे गेलो!

पाच-नऊ घातल्याबरोबर बाण गर्रकन दक्षिणेला वळला. पाड्याखाली शंभर मीटरवर तो माळ होता, गवत कापल्यामुळे ओळखू न येणारा. तिथे ऐन, तिथे दगड, तिथे चेपका डबा. ताटलीखाली किल्ली. हिने ती कमरेला खोचली आणि डबा परत दगडाखाली ठेवायला गेलेला माझा हात बाजूला केला.

परत येताना ओट्यावरची म्हातारी म्हणाली, "त्यो डबा होय? मी पायला ना तुमाला ठेवताना. हातातल्या मशीननं दगडाला केवढा वेळ ओवाळत होता तुम्ही. मी म्हनलं देवाचं काय असंल, म्हनून कोणाला हात लावू नाय दिला."

"मग सांगितलं का नाही, आजी?"

"तुम्ही पक्षी हुडकत होता ना."

गाडी जव्हारजवळ आल्यावर ही म्हणाली, "मला एक कळत नाही. वय आहे तुमचं एकोणसाठ. स्वतःचं वय समोर आलं, तरी ओळखू आलं नाही?"

दुसऱ्या दिवशी साखरपुडा ठरल्या वेळी झाला. शालू होता, अंगठी होती. व्याह्यांनी मोठ्या प्रेमाने मला विचारलं, "आपलं वय काय?"

मी तोंड उघडलं. हिने त्यात अख्खा पेढा घातला.

"पाच, नऊ," मुक्ताने त्यांना सांगितलं.